निःस्वार्थ साक्षीदार पाहिजे

आमचे हे गेल्यावर अकरा महिन्यांनी नगरपालिकेला त्यांची आठवण आली. कामासाठी येणाऱ्या लोकांनी नीट बसून राहावं, म्हणून नगरपालिकेने नवीन प्रतीक्षागृह बांधलं होतं आणि त्याला एखाद्या दिवंगत समाजसेवकाचं नाव द्यायचं ठरलं होतं. एकतीस वर्षं नगरसेवक म्हणून ज्यांनी लोकांना ताटकळत उभं ठेवलं, त्यांच्या नावाखाली आता लोकांना बसायला मिळणार होतं.

मुदत एक तारखेची. तोवर फाइल पूर्ण झाली नाही, तर नाव सिमेंटवाल्याचं लागणार. सिमेंटवाला म्हणजे ह्यांचा जन्माचा विरोधक. तो ह्यांच्या दोन महिने आधी गेला, तर त्यातही त्याने नंबर लावला म्हणून हे अंथरुणात चरफडत होते. थोरला म्हणाला, "आई, काहीही कर, बाबांचं नाव लागलंच पाहिजे. मला यंदा निवडणुकीला उभं राहायचंय." त्याला निवडणूक दिसत होती. मला ते नाव दिसत होतं. नाव त्यांचं असलं, तरी पन्नास वर्षं घासूनपुसून लखलखीत मी ठेवलेलं. ते सिमेंटखाली गाडू द्यायची माझी तयारी नव्हती.

अर्जाला तीन रकाने होते: समाजसेवा, व्यवसाय, कुटुंबवत्सलता. प्रत्येक रकान्याला एक निःस्वार्थ साक्षीदार. माझी शाळा चौथीतच सुटली, म्हणून खिडकीतल्या क्लार्कला विचारलं, "निःस्वार्थ म्हणजे कसा हो?"

"आजी, ज्याला मयताकडून फायदा झालेला नाही आणि जो नात्यातला नाही, असा."

समाजसेवेसाठी मी शिंप्याला नेलं. त्याच्या गल्लीत ह्यांनी पाणी आणलं होतं.

"पाणी तुम्ही पिता?" क्लार्कने विचारलं.

"पितो की."

"मग तुम्ही लाभार्थी. तुम्ही चांगलंच बोलणार. रद्द."

दुसऱ्या दिवशी, ज्या गल्लीत पाणी आलं नाही तिथल्या सुताराला नेलं. तो बसायच्या आतच सुरू झाला. ह्यांच्याबद्दल त्याने जे सांगितलं ते मला ठाऊक होतं, पण इतकं सविस्तर नव्हतं.

"हे निःस्वार्थ आहेत," क्लार्क म्हणाला, "पण प्रतिकूल आहेत. पाणी मिळालेलाही नको आणि न मिळालेलाही नको. मधला कोणीतरी आणा."

मधली माणसं शोधायला मला फार हिंडावं लागलं नाही. ज्या गल्ल्यांत ह्यांनी नळ बसवले आणि नळाला पाणी कधीच आलं नाही, अशा अकरा गल्ल्या होत्या. तिथल्या निवृत्त शाळामास्तरांनी लिहून दिलं, "नळ अत्यंत मजबूत आहेत. वीस वर्षांत एकदाही गळलेले नाहीत." पहिला रकाना भरला.

व्यवसाय म्हणजे आमचं कुलूप-बिजागऱ्यांचं दुकान. गिऱ्हाईक चालणार नव्हतं. कारण कुलूप चांगलं लागलं तर ते लाभार्थी, आणि नाही लागलं तर प्रतिकूल. मग समोरच्या न्हाव्याला धरलं. त्याने आमच्याकडून उभ्या जन्मात खिळासुद्धा घेतला नव्हता.

"तीस वर्षं मी समोर बसलोय," न्हावी म्हणाला. "गल्ल्यावर या वहिनी. माल उतरवून घ्यायला या, हमालांशी भांडायलाही याच. दादा पायरीवर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायचे."

क्लार्कने नोंद केली: व्यवसायावर बाहेरून देखरेख.

घोडं अडलं ते कुटुंबवत्सलतेवर. साक्षीदार नात्यातला नको, पण घरातलं पाहिलेला हवा. भांडीवाली बाई पगारामुळे लाभार्थी ठरली. डॉक्टर फीमुळे. शेजारीण तर आमच्याकडचं विरजण नेते म्हणून बाद झाली. तीस तारीख उजाडली.

"आजी, सोपं आहे," क्लार्क म्हणाला. "जो तुमच्या घरात शिरला आणि ज्याला काहीच मिळालं नाही, असा माणूस आठवा."

असा एकच होता, तो म्हणजे आमच्या भागातला चोर. आता म्हातारा झालाय, कोपऱ्यावर किल्ल्या बनवतो. बोलावल्यावर बिचारा स्वच्छ सदरा घालून आला.

"चार वेळा गेलो, भरदुपारी," तो म्हणाला. "साहेब घरी कधी नसायचे, हे गावाला माहीत होतं, म्हणून तर जायचो. पण या असायच्या. एकदा पोरांचे पाढे घेत होत्या, एकदा सासऱ्यांना भरवत होत्या. दोनदा माझ्या पाठीत लाटणं बसलं."

क्लार्कने लिहिलं: कुटुंब सुरक्षित असल्याची साक्षीदाराने वारंवार खात्री करून घेतली.

फाइल वरच्या साहेबांकडे गेली. त्यांनी ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. "आजी, या तिन्ही साक्षींवरून नाव तुमचं द्यायला हवं."

"द्या की मग."

"जिवंत व्यक्तीचं देता येत नाही. तुम्ही नंतर या."

"नंतर म्हणजे?"

साहेब कागद चाळू लागले. थोरल्याने माझ्यापुढे पेन केलं. "आई, उगाच खुसपट काढू नकोस. संमतीची सही कर, नाहीतर सिमेंटवाला लागतोय."

मी सही केली. पण हाताला पन्नास वर्षांची सवय. दुकानाची बिलं, नगरपालिकेची पत्रं, पोरांची प्रगतिपुस्तकं, सगळीकडे मी ह्यांचीच सही करत आले होते, तीच तिथे झाली. साहेबांनी ती जुन्या कागदांशी ताडून पाहिली. हुबेहूब जुळली. "मयताची संमती प्राप्त" असा शेरा मारून त्यांनी प्रस्ताव मंजूर केला.

उद्घाटनाला अख्खं गाव लोटलं. थोरल्याने उमेदवारी जाहीर केली. ह्यांच्या कुटुंबवत्सलतेवर चौघे बोलले, त्यातले तिघे आमच्या घरी कधी आले नव्हते. मग मलाही माइकपुढे उभं केलं. खाली थोरला हात जोडून बसला होता. मी म्हणाले, "ते फार घरपरायण होते." टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर, न्हावी आणि तो किल्लीवाला, तिघांनीही वाजवल्या.

तुम्ही हे वाचून हसत असाल. हसा. फक्त वाचायला बसताना तुमच्या हाताशी जो कप आला, तो कोणी आणून ठेवला ते आठवतंय का बघा. नसेल आठवत तर घाबरू नका. तुमच्याही नावाचा एखादा हॉल होईल.