शेवटचं जुनं गिऱ्हाईक

गव्हाणे मामा स्वतःचं वजन ट्रकच्या काट्यावर करायचे. उसाच्या ट्रॉल्या जिथं मोजतात त्या लोखंडी प्लॅटफॉर्मवर मधोमध उभं राहायचं, दोन्ही हात मांड्यांना चिकटवायचे आणि केबिनमधल्या माणसाला ओरडून विचारायचं, "किती?" काटा दहा-दहा किलोंनीच पुढं सरकणारा, त्यामुळं उत्तर कायम एकच. साठ. "सात वर्षं झाली, साठच हाय," ते अभिमानानं सांगायचे. "ह्याला म्हंत्यात स्टेबल व्हर्जन."

शिरूरला आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. वजनकाट्यावर गाडी आली की वजन घेऊन पावती छापणारा प्रोग्राम आम्ही विकायचो. तो मूळ मामांनी लिहिलेला, नव्वदच्या सुमाराला, बेसिक नावाच्या भाषेच्या त्या वेळच्या व्हर्जनमध्ये. मी दोन हजारनंतर आलो आणि तोच प्रोग्राम त्याच भाषेच्या नव्या व्हर्जनमध्ये पुन्हा लिहिला. ऑफिसात सगळे त्यांना मामा म्हणायचे; सख्खा भाचा एकही नव्हता. बायको लग्नानंतर तीन वर्षांत गेली, मूलबाळ नाही, भाड्याची एक खोली. हे त्यांनी कधी सांगितलं नाही, मला त्यांच्या घरमालकाकडून कळलं.

आमची जुंपायची ती जुन्या व्हर्जनवरून. पावतीत एक ओळ वाढवायची तरी काम दोनदा. माझ्या नव्यात मी करायचं, जुन्यात मामांनी करायचं, आणि दोन्हींचा मेळ पुन्हा मीच बसवायचा. जुनं चालायचं ऑफिसातल्या एकाच पिवळ्या पडलेल्या कॉम्प्युटरवर, आणि त्याच्याजवळ मामा कुणाला फिरकू द्यायचे नाहीत. माझं डोकं फिरायचं. "अहो मामा, किती दिवस हे मढं सांभाळायचं?"

"चालतंय ना? मग हात न्हाई लावायचा." विषय संपला.

साहेबांचा नियम सरळ होता. जुन्यावर एक जरी गिऱ्हाईक असलं तरी जुनं बंद करायचं नाही. भिंतीवर अशा गिऱ्हाइकांची यादी लावलेली. रांजणगावचे काटे खोडून झाले, सणसवाडीचे झाले, उरलं फक्त वरवंडचं आबांचं गुऱ्हाळ. मामा दर गुरुवारी तिकडं जायचे. न्हावऱ्यावरून चौफुल्यापर्यंत एसटी, पुढं वडापची जीप. "आबांचा काटा लई नाजूक हाय," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी तक्रारवहीत नोंद असायची, 'पावती तिरकी येत होती. सरळ केली.' पुढच्या गुरुवारी पावती पुन्हा तिरकी. म्हंजे कमालच!

वर्षभर सोसलं. शेवटी एका मंगळवारी, मामांना न सांगता, मीच मोटरसायकल काढली. म्हटलं, आपणच जाऊन वरवंडला नवं व्हर्जन टाकावं आणि ही कटकट एकदाची मिटवावी.

काट्यावर स्वतः आबा बसले होते, गुऱ्हाळाचे मालक. तरुणपणी मेंढरांमागं कोकणापर्यंत हिंडलेला माणूस, आता ऊस आणि गूळ. मी कॉम्प्युटर चालू केला आणि बघतच राहिलो. समोर माझंच नवं व्हर्जन!

"आबा, हे कुणी टाकलं?"

"मामांनीच की. दोन दिवाळ्या झाल्या. म्हणलं, जुन्याला आता झेपंना, तुमचा खोळंबा नको."

"मग दर गुरुवारी येतात कशाला?"

"येत्यात, बसत्यात. आमच्या म्हातारीच्या हातची भाकर खात्यात. एक पावती फाडून बघत्यात, बराबर हाय म्हंत्यात, आन् जात्यात." आबांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "का वो? काय चुकलं का त्यांचं?"

"न्हाई," म्हटलं. परतीच्या वाटेवर मला माझीच लाज वाटत होती. गिऱ्हाइकाचं नुकसान या माणसानं एक दिवसही होऊ दिलं नव्हतं. खोटं बोलला होता तो फक्त आमच्या भिंतीवरच्या यादीशी.

बुधवारी मी हळूच म्हटलं, "मामा, काल वरवंडला जाऊन आलो." मामांनी चष्मा काढून पुसला. उठले, यादीतल्या वरवंडवर स्वतःच्या हातानं काट मारली आणि पिवळ्या कॉम्प्युटरची पिन काढली. "सायबांना सांगा, जुनं बंद." राहू द्या हो, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात साहेब आत आले. यादी बघून म्हणाले, "चला, सुटलो!"

गुरुवारी मामा ऑफिसातच. नवीन काम दिलं होतं, पण कागद समोर धरून नुसते बसले होते. साडेदहाला फोन वाजला. आबा होते. "मामा निघालं का? म्हातारी इचारतीया, भाकरी कवा टाकू?"

मी रिसीव्हर मामांच्या हातात दिला.

"आबा, जुनं बंद झालं," मामा म्हणाले. "माझं काय कामच राहिलं न्हाई तिकडं."

पलीकडून आबा असे ओरडले की मलाही स्पष्ट ऐकू आलं. "कामाला कोण बोलवतंय? जेवाय या!"

मामांनी फोन ठेवला. मग माझ्याजवळ आले आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "काम नसताना कुणाच्या घरी जायचं म्हंजी... हातात काय न्यायचं असतं वो?"

"केळी न्या, मामा," मी म्हटलं. "डझनभर."