जेन्ट्समध्ये जाणाऱ्या काकू

आमच्या इमारतीतल्या खानविलकर काकू रोज संध्याकाळी पुरुषांच्या मुतारीत जायच्या. चोरून नाही की घाईत चुकून नाही. दारावरची पाटी नीट वाचून, पदर खोचून, "चला, आवरा पटापट! बाई आत येतेय!" असं ठणकावून जायच्या. मग आतली पुरुषमंडळी चेनशी झटापट करत एकामागून एक बाहेर पडायची. काकूंनी आख्खा जन्म शाळेत शिकवलं. मोठमोठ्या बाप्यांना रांगेत कसं बाहेर काढायचं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

हे घडायचं आमच्या हाटकेश भागात, बागेलगतच्या सार्वजनिक शौचालयात. त्याला दोन दारं. एकावर मिशीवाला पुरुष रंगवलेला, दुसऱ्यावर कुंकू लावलेली बाई. पुरुषाचं दार सताड उघडं, बाईच्या दाराला हे एवढं कुलूप. आत काय, तर ठेकेदाराचे झाडू, फिनेलचे कॅन आणि कुठल्याशा मंडळाच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. खुर्च्यांची मात्र उत्तम सोय झाली होती.

"लेडीज आतीच नहीं, मॅडम," तिथला राखणदार मला म्हणाला.

"ताला देखने को आएगी क्या?" मी विचारलं. त्याने नुसते दात काढले.

आणि काकूंवर चिडायचे कोण? तर बागेच्या भिंतीकडे तोंड करून भर रस्त्यात उभे राहणारे. तेव्हा ह्यांची लाज कुठे चरायला जाते कोण जाणे! पण काकूंनी आत पाऊल टाकलं रे टाकलं की एकेकाला आपली संस्कृती आठवायची. राखणदार रोज न चुकता म्हणायचा, "आंटी, ये जेन्ट्स है." काकू रोज न चुकता म्हणायच्या, "मालूम है. मेरेकू बाचने आता है."

शेवटी विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये आला. आमच्या सेक्रेटरींना पाण्याच्या टाकीला झाकण बसवायला दीड वर्ष लागलं होतं, पण ह्या विषयासाठी त्यांनी खास मीटिंग लावली. "बिल्डिंगचं नाव खराब होतंय," ते म्हणाले. "शिवाय हे कायद्यात बसत नाही."

"कुठल्या पानावर?" काकूंनी विचारलं.

हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. भाजीवाल्याने भाव वाढलाय म्हटलं तरी त्या त्याला "कुठल्या पानावर?" म्हणून विचारतात. बिचारा दोन रुपये कमी करतो. सेक्रेटरींना पान सापडेना.

"बाईच्या दाराला कुलूप घाला, असं कुठल्या पानावर आहे तेही बघून ठेवा," काकू म्हणाल्या. "आणि पाटी वाचून तुम्हाला लागलेली थांबत असेल, तर सांगा. मी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवते."

मागच्या रांगेतून कोणीतरी "निर्लज्ज" म्हणालं. काकूंनी ऐकलं, चष्मा पुसला आणि काकांचा हात धरून घरी गेल्या.

काकांबद्दल सांगायचं राहिलंच. खानविलकर काकांना आता फारसं काही आठवत नाही. पोटच्या मुलाला ते "साहेब" म्हणतात आणि मला दर वेळी नव्याने नमस्कार करतात. काकूंचा हात धरून बागेत जायचं, एक चक्कर मारायची, बाकावर बसून पोरांचं क्रिकेट बघायचं, एवढी एकच गोष्ट त्यांच्या दिवसात उरली होती. बागेत गेले की ते हसायचे. घरात हसत नसत. डॉक्टरांनीही बजावलं होतं, काही झालं तरी हे बंद करू नका. त्यांना बाहेर एकटं उभं करता येत नाही म्हणून काकू मुतारीतही त्यांना सोबत नेतात, अशी माझी आपली समजूत.

मला कुलपाची चीड यायचीच. पण खरं सांगते, काकूंचीही थोडी लाज वाटायची. म्हटलं, ह्या बाईला बायकांचं दार उघडून द्यावं, म्हणजे हा रोजचा तमाशा तरी थांबेल. मी अर्ज लिहिला. पहिली सही काकूंचीच घेतली. "चांगलं करतेयस गं," त्या म्हणाल्या. "बायकांची सोय होईल." स्वतःबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

मग सुरू झाल्या पालिकेच्या ऑफिसच्या खेपा. तिथल्या साहेबांनी मला समजावलं की लेडीजकडून डिमांडच नाहीये. हे सांगत असताना ते मध्येच उठून आत जाऊन आले. त्यांच्या केबिनला वेगळं टॉयलेट होतं. त्याला कुलूप नव्हतं.

पण मीही पिच्छा सोडला नाही. एके दिवशी कुलूप निघालं, खुर्च्या हलल्या. उद्घाटन झालं. त्या दारातून ज्यांना जन्मात कधी जायचं नव्हतं अशा सहा पुरुषांनी मिळून फीत कापली, त्यात आमचे सेक्रेटरी सगळ्यात पुढे. फोटोत मी कोपऱ्यात अर्धी आलेय. तरी आठवडाभर मी ताठ मानेने फिरत होते.

त्या आठवड्यात काका-काकू बागेत दिसले नाहीत. मला वाटलं, गावी गेले असतील. मग जिन्यात कोणीतरी म्हणालं, घरीच आहेत. मी वर गेले. खोटं कशाला बोलू, शाबासकी घ्यायला गेले.

"काय काकू, आता हक्काचं दार झालं ना? मग येत का नाही?"

"राखणदार जेन्ट्समध्ये सोडत नाही गं आता. म्हणतो, आपका खुल गया ना, उधर जाओ."

"मग जा की तिकडे!"

"गेले होते ह्यांना घेऊन. आत दोन मुली होत्या, किंचाळल्या. त्यांचं तरी काय चुकलं?"

"काकांना बसवू की आम्ही बाकावर. तुम्ही जाऊन या."

काकूंनी आतल्या खोलीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मला कुठे जायचं असायचं? मी दुपारपासून पाणीच पीत नाही. ह्यांना मात्र बागेत गेलं की लागतेच, आणि पट्टा सोडता येत नाही गं. सोडला तर लावता येत नाही. आत एकटे गेले की दार सापडत नाही, मग रडतात. एकदा तसेच बाहेर आले. पोरं हसली."

मी म्हटलं, आमचे हे जातील त्यांच्याबरोबर.

"मुलालाही हात लावू देत नाहीत. मी दिसले नाही की घाबरतात."

"अहो, मग मीटिंगमध्ये का नाही सांगितलंत? काय काय बोलले लोक तुम्हाला!"

"बोलू देत. मला निर्लज्ज म्हणाले, म्हणू देत. ह्यांच्याबद्दल चारचौघांत असलं काही सांगायचं नाही मला."

मला माझ्या अर्जाची, सह्यांची, त्या अर्ध्या फोटोचीसुद्धा लाज वाटली. एवढी धावाधाव करून मी बंद काय केलं होतं, तर ह्या दोघांची बाग.

तेवढ्यात काका बाहेर आले. शर्ट खोचलेला, केस विंचरलेले, पायात बूट.

"निघायचं ना?"

"आज बाग बंद आहे हो," काकू म्हणाल्या. "रंगकाम चाललंय."

काकांनी मला पाहिलं आणि नेहमीसारखा नमस्कार केला. "तुम्ही बाहेरून आलात ना? खरंच बंद आहे का हो?"

मी बागेवरूनच आले होते. पोरांचं क्रिकेट रंगात आलं होतं. काकू माझ्याकडे बघत होत्या.

"हो काका," मी म्हटलं. "बंद आहे."