अकरा वेळा मेलेले हेमिशकाका

आमच्या शेजारचे हेमिशकाका आमची ओळख झाली तोवर अकरा वेळा मेले होते आणि ती अकराही मरणं त्यांनी टीव्हीखालच्या कपाटात ओळीनं लावून ठेवली होती. प्रत्येक मरणाची वेगळी व्हिडिओ कॅसेट, आणि प्रत्येक कॅसेट बरोबर त्या जागी आणून थांबवलेली. मशीनमध्ये घातली की मिनिटभरात काका पडद्यावर येणार, एखादं वाक्य बोलणार आणि मग कोणीतरी त्यांना गोळी घालणार, कड्यावरून ढकलणार नाहीतर त्यांच्या सूपमध्ये विष कालवणार. मग काका स्वतः उठून कॅसेट मागे नेऊन पुन्हा त्याच जागी आणून ठेवणार. त्या घरात कुठलाही सिनेमा कोणी पहिल्यापासून पाहिलेला नाही.

"मग पुढे काय होतं?" माझ्या नवऱ्यानं, मंदारनं, पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"मला काय माहीत? तोपर्यंत मी मेलेलो असतो."

हे त्यांचं पालुपद. काका, गुरुवारी सोसायटीची मीटिंग आहे, येणार ना? "गुरुवारपर्यंत मी मेलेलो असेन, डार्लिंग." काका, फ्लूचं इंजेक्शन घेतलंत का? "कशाला? तोपर्यंत मी मेलेलो असेन." आणि गुरुवारी सगळ्यांच्या आधी जाऊन पुढची खुर्ची अडवून बसलेले असत.

दोन हजार तीन-चार सालची गोष्ट. डीव्हीडी घरोघर आल्या होत्या. मंदारनं मोठ्या हौसेनं काकांच्या वाढदिवसाला त्यांच्याच एका सिनेमाची डीव्हीडी आणली. काकांनी ती लावली, पाहतात तो सिनेमा पहिल्यापासून सुरू. त्यांना स्वतःपर्यंत पोचायला एक तास दहा मिनिटं बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी लावली तर पुन्हा पहिल्यापासून! "या तबकडीला काही लक्षातच राहत नाही," म्हणाले आणि ती चहाच्या कपाखाली ठेवायला घेतली. मंदार आठवडाभर हिरमुसला होता.

आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलला टाउनहाउसांच्या एका ओळीत राहत होतो. दहापैकी आठ घरं आपलीच. त्यांच्यामधे हा एकटा स्कॉटलंडचा म्हातारा नट. त्यांची बायको, बेटी नावाची, इथलीच, नर्स होती. रिटायर झाल्यावर तिच्या गावाजवळ म्हणून इथं घर घेतलं, दोन वर्षांत ती गेली आणि हे राहिले. एकच मुलगी, कर्स्टी. ती अटलांटाला बँकेत. दर रविवारी तिचा फोन येई आणि सव्वाचार मिनिटांत संपे. मी मुद्दाम मोजत नव्हते, पण भिंत पातळ होती.

काका सगळ्या बायकांना डार्लिंग म्हणत. ही नाटकवाल्यांची सवय, त्यात काही नाही, असं मी सासूबाईंना समजावलं, कारण सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या बाहत्तर वर्षांच्या सासूबाईंना त्यांनी दारातच "गुड मॉर्निंग, डार्लिंग" घातलं होतं. सासूबाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि आत निघून गेल्या. महिन्याभरानंतर त्याच मला विचारत होत्या, "आज हेमंतराव आले नाहीत गं डार्लिंग म्हणायला?" हेमिश हे नाव काही त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

मंदारचं आणि काकांचं गूळपीठ मात्र टीव्हीसमोर जमलं. सिनेमा संपून नावं वर सरकायला लागली की आपली माणसं उठतात. मंदार उठत नाही. तो कॉम्प्युटरवाल्यांच्या यादीत कोणी मराठी आडनाव सापडतंय का बघत असतो, आणि सापडलं की "अगं, पाटणकर!" असा ओरडतो, जसं काही त्याचा सख्खा मावसभाऊ. काका तेच काम सिनेमा चालू असताना करत. पडद्यावर न्यूयॉर्कचा पोलीस बोलत असे आणि हे एकदम खुर्चीतून उठत. "आमचा! हा आमचा आहे! अमेरिकन म्हणे! त्याचा 'र' ऐक, 'र'! असा 'र' समुद्रावरच्या वाऱ्यातच तयार होतो." मंदार कॉम्प्युटरवर शोधायचा आणि निघायचा तो खरंच स्कॉटलंडचा.

"आमचे नट सगळीकडे आहेत," काका म्हणत, "फक्त आमचे म्हणून नाहीत. इंग्रज लॉर्ड हवा, बोलवा स्कॉटिश. रोमन सेनापती हवा, बोलवा स्कॉटिश. आणि स्कॉटिश माणूस हवा असेल तर लाल दाढी लावून एखादा अमेरिकन उभा करतात. तो दारू पिऊन पडतो. मग लोक म्हणतात, काय हुबेहूब!"

त्यांचा स्वतःचा 'र' मात्र केव्हाच गेला होता. ते रेडिओवरच्या बातम्यांसारखं गुळगुळीत इंग्रजी बोलत. नॉर्थ कॅरोलिनात ज्याला त्याला आपले खापरपणजोबा स्कॉटलंडहून आले असं सांगायची हौस. एकदा ग्रोसरीच्या दुकानात किल्ट म्हणतात तो चौकटीचा स्कॉटिश झगा घातलेला एक धिप्पाड गृहस्थ काकांना भेटला. काकांनी सांगितलं, मी तिथलाच. त्यानं दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि निर्णय दिला, "नाही हो, तुम्ही स्कॉटिश वाटत नाही." काका घरी येऊन तासभर बागेत पाणी घालत होते, आणि पाऊस पडत होता.

त्या दिवशी चहा पिताना त्यांनी मला सांगितलं. ईशान्य किनाऱ्यावरच्या एका बंदरात त्यांची आई मासे विकायची. हे अठराव्या वर्षी नाटकाच्या शाळेत गेले. तिथं दातांत बूच धरून वाचायला लावत, गावची बोली जाईपर्यंत. दोन वर्षांत ती गेली. मग एका नाताळात आईच्या शेजाऱ्यांच्या फोनवर तिला हाक मारली, तर ती अदबीनं म्हणाली, "साहेब, तुम्हाला कोण हवंय?"

"हा माझा पहिला यशस्वी रोल," काका म्हणाले आणि हसले. मी काही हसले नाही. माझी नऊ वर्षांची ईशा तेव्हा आत आजीला "आज्जी, आय डोन्ट वाँट पोळी" असं सांगत होती.

त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला देशमुखकाकांनी एकांकिका लिहिली. देशमुखकाका म्हणजे मंडळाचे संस्थापक, रिटायर्ड इंजिनियर, तीस वर्षं दरवर्षी एक नाटक लिहिणारे आणि त्यातला एकही शब्द कोणाला बदलू न देणारे. विषय असा, की इंग्रज साहेब मामलेदाराची बदली करायला येतो, मामलेदारीणबाईंच्या हातचं पिठलं खातो आणि बदली रद्द करतो. साहेबाचं काम दरवर्षी कोणीतरी गोरा कोकणस्थ तोंडाला पावडर थापून करी. मी म्हटलं, शेजारी अस्सल माल असताना पावडर कशाला?

काकांनी एकच प्रश्न विचारला. "मी मरतो का?"

"नाही. पिठलं खाता आणि खुश होऊन जाता."

"नक्की? पिठल्यात विष नाही?"

"नाही हो."

त्यांनी कपाटातल्या कॅसेटींकडे पाहिलं. मग म्हणाले, "कर्स्टीनं मला स्टेजवर कधी पाहिलं नाही. ती दोन वर्षांची असताना मी काम सोडलं आणि हार्डवेअरच्या दुकानात लागलो. या कॅसेटी तेवढ्या तिनं पाहिल्यात. तिच्यासमोर मी अकरा वेळा मेलोय, डार्लिंग. एकदा जिवंत असलेला दिसलो तर बरं."

तालमी क्लबहाउसात सुरू झाल्या आणि देशमुखकाकांचं ब्लडप्रेशर वाढलं. साहेबाला मराठीत दोन वाक्यं होती, आणि हेमिशकाकांना प्रश्न चाळीस. साहेब कुठल्या गावचा? वडील काय करायचे? घरी पत्र लिहितो का?

"अगं, साहेब म्हणजे साहेब! त्याला कसलं आलंय गाव?" देशमुखकाका मला म्हणाले. "तू सांग त्याला, फार्स आहे हा."

"हिंदुस्थानात गेलेले निम्मे साहेब आमच्याकडचे होते," मी इंग्रजीत सांगितल्यावर हेमिशकाका शांतपणे म्हणाले. "याची आई बंदरावर राहते. एकटी असते. हे वाक्यात यायला हवं."

तीस वर्षांत पहिल्यांदा देशमुखकाकांच्या संहितेत कोणी चार शब्द वाढवले. त्या बदल्यात त्यांनी एक अट घातली, की साहेब बोलणार तो आपल्या लोकांना सवय आहे तसाच, 'टुम' आणि 'हम'च्या थाटात. "लोकांना इंग्रज हवा असतो," ते म्हणाले. हेमिशकाकांनी मान डोलावली. हे त्यांना नवीन नव्हतं.

प्रयोग एका शाळेच्या हॉलमध्ये होता. आरती, मुलांचे नाच, प्रायोजकांचे आभार, मग पुन्हा अध्यक्षांना आठवलेले आभार, असं करता करता दीड तास उशीर झाला. हॉल सहाला रिकामा करायचा होता. सेक्रेटरी विंगेत येऊन म्हणाले, "यार, साहेबांचा सीन कॅन्सल करू या का? तसंही शेवटचाच आहे." आरशासमोर हेमिशकाका दुपारी बारापासून मिशा लावून बसलेले. चौथ्या रांगेत अटलांटाहून सहा तास ड्राइव्ह करून आलेली, त्यांच्यासारखीच उंच, कर्स्टी. मी सेक्रेटरींना म्हटलं, कॅन्सल करायचंच तर तुमचं आभारप्रदर्शन कॅन्सल करा. ते माझ्याशी पुढे दोन महिने बोलले नाहीत आणि माझं काही अडलं नाही.

साहेब आला. पिठलं खाल्लं. रुमालानं मिशा टिपल्या. आणि ठरल्याप्रमाणे साहेबी थाटात म्हणाला, "मामलेडार, टुमची बडली रड्ड..." पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. चारशे माणसं हसत होती. टाळ्या थांबेनात. आणि पहिल्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!" आमच्या सासूबाई! मग मागून नागपूरची पोरं ओरडली, आणि मग सगळा हॉल.

हेमिशकाकांचा चेहरा पडला. खोट्या मिशांआडूनही दिसलं. त्यांनी विंगेत माझ्याकडे पाहिलं. मी हातानं खूण केली, पुन्हा करा. ते खाली मान घालून उभे राहिले. मग डोक्यावरची हॅट काढून काखेत धरली, आणि जे बोलले तो आवाज मी दोन वर्षांच्या शेजारात कधी ऐकला नव्हता. जाडाभरडा, खारा, खालच्या पट्टीतला.

"मामलेदार, तुमची बदली रद्द. पण हे पिठलं कसं करतात ते पत्र लिहून माझ्या आईला कळवा. ती घरी एकटीच असते."

एकेक 'र' असा वाजला, की आमची ईशा तोंड उघडं टाकून बघत राहिली. हॉलमध्ये क्षणभर कोणी हसलं नाही. मग टाळ्या पडल्या, आणि पुन्हा वन्स मोअर. त्यांनी तिसऱ्यांदा म्हटलं. पडदा पडला.

आत आले तेव्हा ते घामानं भिजले होते. "माफ कर, डार्लिंग. तीन टेक लागले. शेवटचा तरी बरा होता का?"

"बरा? अहो, लोक वन्स मोअर म्हणत होते!"

"ऐकलं ना. माझ्या शेवटच्या सिनेमात डायरेक्टर एकोणीस वेळा तेच म्हणाला. मग वाक्य माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिलं. त्यानंतर मी सेटवर गेलो नाही." हातातल्या हॅटची कड ते बोटांनी चाचपत होते. "आज कर्स्टीसमोर नेमकं तेच झालं."

 मग मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि सांगितलं. आमच्याकडे चूक झाली तर लोक गप्प बसतात, नाहीतर उठून वडे खायला जातात. वन्स मोअर फक्त मन भरलं नाही तरच म्हणतात. मोठमोठ्या गवयांना म्हणत. कित्येक नटांना जन्मभर एकदाही मिळत नाही. "तुम्हाला आज दोनदा मिळाला, काका."

"त्यांना आवडलं म्हणून?"

"आवडलं म्हणून."

 ते हॅट मांडीवर घेऊन तसेच बसले, मिशा काढायच्याही विसरून.

तेवढ्यात कर्स्टी आत आली. दारापाशीच थांबली. "डॅड, तो आजीचा आवाज होता," ती म्हणाली. "लहानपणी एक उन्हाळा मी तिच्याकडे होते ना. अगदी तस्साच. तुम्ही घरी कधीच तसं का बोलला नाहीत?"

"कोणी विचारलं नाही," काका म्हणाले. त्याच आवाजात.

कर्स्टीनं एक खुर्ची ओढली आणि त्यांच्या अगदी समोर बसली. इतके दिवस मी जिचे सव्वाचार मिनिटांचे फोन ऐकले होते ती बाई हलक्या आवाजात म्हणाली, "वन्स मोअर, डॅड?"

काका उठले. हॅट काखेत धरली. चारशे माणसांसमोर म्हटलं होतं त्याहून सावकाश त्यांनी ते सगळं मराठी वाक्य तिला म्हणून दाखवलं, आणि मग त्याचा अर्थ आपल्या आईच्या बोलीत सांगितला. कर्स्टी रडत होती. मीही रडत होते, त्यात लाजायचं काय? बाहेर सेक्रेटरी बोंबलत होते, की जेवणाचे ट्रे गार होताहेत, सगळ्यांनी ताबडतोब या. मी ग्रीनरूमचं दार ओढून घेतलं आणि बाहेर त्याला पाठ लावून उभी राहिले.