आसेगावची मंजूर भिंत

वाशीम भागात चित्रकला आहे, असे दौलतरावांनी साहेबांना सांगितले, तेव्हा त्यांनी स्वतः एकही चित्रकार पाहिलेला नव्हता. जिल्ह्याचे साहेब दौऱ्यावर होते. चहा संपला होता आणि बोलण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून त्यांनी विचारले, "तुमच्याकडे कला वगैरे आहे का?"

"पुष्कळ आहे, साहेब."

"मग उत्तेजन द्या," साहेब म्हणाले आणि मोटारीत बसले.

एवढ्या बोलण्यावर कला उत्तेजक कमिटी स्थापन झाली. दौलतराव सेक्रेटरी झाले. नागपूरहून चांदीचे पदक घडवून आणले. त्याच्या एका बाजूला बादशहाचे मुंडके होते आणि दुसऱ्या बाजूला 'उत्तम कलेस' अशी अक्षरे होती. खाली नावापुरती जागा कोरी ठेवली होती. आता फक्त कला मिळायची राहिली होती.

दवंडी दिल्यावर तीन चित्रे आली. त्यातली दोन छापील होती. देवांच्या मिशांवर तेवढा घरचा काळा रंग दिला होता. तिसरी एका किराणा दुकानाची पाटी होती आणि दुकानदाराला ती संध्याकाळी परत पाहिजे होती. पदक तयार असताना चित्रकार नाही, ही गोष्ट कमिटीला शोभणारी नव्हती. तेव्हा दौलतराव बैलांची दमणी जुंपून चित्रकार शोधायला निघाले.

आसेगावात ते पाणी प्यायला जगदेव नावाच्या शेतकऱ्याच्या घरी थांबले. दोन दिवसांपूर्वीच नागपंचमी झाली होती. जगदेवच्या बायकोने, गोजराबाईने, देवाच्या भिंतीवर चुना, गेरू आणि कोळसा यांनी पाच नाग काढले होते. कडेने विंचू, खाली लाह्यांची परडी. मधल्या नागाने फणा असा वर केला होता की दौलतरावांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"हे कोणी काढलं?"

"मीच काढलं जी," गोजराबाई पदर सावरत म्हणाली. "काहून? काई चुकलं काय?"

"चुकलं नाही, बाई. हे मंजूर झालं."

आमच्याकडे चित्राचे आयुष्य सणापुरते असते. नाग पोळ्याच्या आधी शेणामातीखाली जातात आणि त्यांच्यावर बैल चढतात. पुढचा सण आला की बैलही जातात. शिळा भात नैवेद्याला चालत नाही, तसे शिळे चित्र देवाला चालत नाही. त्यामुळे त्या भिंतीला किती थर होते हे कोणालाच ठाऊक नव्हते. खोली मात्र दर पिढीला थोडी अरुंद होत चालली होती.

कमिटीचा नियम याच्या बरोबर उलट होता. निवडलेल्या चित्रात साहेबांच्या पाहणीपर्यंत कसलाही फरक होता कामा नये. चौथ्या दिवशी भिंतीवर पाटी लागली: 'हात लावू नये. हुकमावरून.' पाटीच्या रखवालीला कमिटीचे शिपाई नानाजी आले. गावात पाटी वाचता येणारे थोडेच होते. बाकीच्यांनी तिला नमस्कार केला आणि दोन बायांनी कुंकूही लावले. नानाजींनी ते लाल डाग वाशीमला कळवले. तिकडून उत्तर आले, पाटीवर कुंकू चालेल, चित्रावर नको.

पहिल्यांदा गोजराबाई हरखून गेली. पदक मिळाले की त्याला कडी लावून सोजरच्या गळ्यात घालायचे, असे तिने ठरवले. सोजर तिची एकुलती एक मुलगी. तिचे लग्न मानोऱ्याकडच्या घरी जुळले होते आणि मार्गशीर्षातला मुहूर्त धरला होता. साहेब तर पोळ्याआधीच येणार होते, तेव्हा काळजीचे कारण नव्हते.

साहेब पोळ्याआधी आले नाहीत. ओढ्याला पूर होता. ते दसऱ्यालाही आले नाहीत. ओढा ओसरला होता, पण साहेब शिकारीला गेले होते.

मधल्या काळात धुराने चुना काळवंडतो असे कमिटीच्या ध्यानात आले. म्हणून चूल गोठ्यात गेली. चूल गोठ्यात गेल्यामुळे बैल ओसरीत आले. ओसरीत नानाजी झोपत होते, म्हणून नानाजी माजघरात गेले आणि जगदेव अंगणातल्या बाजेवर आला.

"माह्या घरात माह्याशिवाय समद्याइले जागा हाय," जगदेव म्हणाला.

"कला घरात आली म्हणजे थोडं सरकावं लागते, भाऊ," नानाजी म्हणाले आणि त्यांनी आणखी एक भाकर मागितली.

मग एक कुंभारमाशी आली. तिने चिखलाचे गोळे आणून मधल्या नागाच्या फण्यावर एक मडके बांधले. नानाजींनी फडके उगारले, पण पाटी त्यांनाही लागू होती. कमिटीची बैठक भरली. मडके ठेवले तर चित्रात फरक होतो आणि काढले तर चित्राला हात लागतो. शेवटी ठराव झाला की माशी कमिटीच्या हद्दीबाहेरची असल्याने तिचे काम चित्राचा भाग समजावे. दुसऱ्या दिवशी माशीने शेजारी दुसरे मडके बांधले. तेही मंजूर झाले.

इतक्या खबरदारीचा काही पुरावा असावा म्हणून दौलतरावांनी अकोल्याहून फोटोवाला आणला. कमिटीचे सगळे सभासद रुमाल, पगड्या घालून मंजूर भिंतीपुढे उभे राहिले.

"जरा बाजूले सरका जी," गोजराबाई दारातून म्हणाली. "नाग झाकले तुमी."

"बाई, फोटो कमिटीचा आहे," दौलतराव न हलता म्हणाले, कारण फोटोवाल्याने हलू नका म्हणून सांगितले होते.

कार्तिक उलटला आणि सोजरची होणारी सासू चतुराबाई घर पाहायला आली. तिने ओसरीतले बैल पाहिले, गोठ्यातली चूल पाहिली आणि ती पुढे गेली. देवाच्या भिंतीपुढे मात्र तिने कमरेवर हात ठेवले.

"ईहीनबाई, हे काय होय?"

"नाग होत. मंजूर हायत," गोजराबाई हळूच म्हणाली.

"मार्गशीर्षात नागपंचमी? अन् याच्यापुढं देवक बसवनार तुमी? नवरानवरीचं चित्र नाई, बाशिंग नाई, मांडव नाई! माहा पोरगा काय पुंगी घेऊन येईन बोहल्यावर?"

"सायेब येऊन राह्यले व, ईहीनबाई. मेडल भेटनार हाय. सोजरच्या गळ्यात घालतो मी ते."

"मेडल तुमीच घाला. आमाले पोरगी पायजे. भित लिपली त लग्न, नाई त आमाले कारंज्याकडं दुसरं घर हाय," चतुराबाई म्हणाली आणि चहा न घेता गाडीत बसली.

जगदेव दौलतरावांकडे वाशीमला गेला. दौलतरावांना खरोखर वाईट वाटले. त्यांनी साहेबांची तारीख दाखवली. साहेब लग्नानंतर चौथ्या दिवशी नक्की येणार होते.

"मुहूर्त पाच दिवस पुढं ढकला."

"जोशी नाई म्हन्ते जी. पुढं पौष लागते."

"अहो, मग जोशाला कमिटीत घेऊ!"

जोशीबुवांनी सभासदत्व आनंदाने स्वीकारले, पण मुहूर्त हलवला नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी गोजराबाई शेणामातीचे घमेले घेऊन भिंतीपुढे उभी राहिली. सोजर दारात डोळे पुसत होती. गोजराबाईने एकदा नागाकडे पाहिले आणि एकदा पोरीकडे.

"नानाजी, मी लिपतो आता."

"माही नोकरी जाईन, बाई."

"माह्या पोरीचं लग्न जाऊन राह्यलं."

आतापर्यंत नानाजींनी या घरची चार महिने भाकर खाल्ली होती. मग त्यांनी पाटीचे खिळे उपसले, ती पोटाशी धरली आणि ओसरीत बैलांपाशी जाऊन बसले. "मले पाटी सांभाळाची हाय," ते म्हणाले. "पाटी जथी, मी तथी. घरात काय चाललं, मले इथून दिसत नाई."

गोजराबाईने नाग लिपले. मडक्यांजवळ तिचा हात थांबला. ज्या घरात कुंभारमाशी मडके बांधते त्या घरात पाळणा हलतो, अशी आमच्याकडे समजूत आहे. तेवढी दोन मडकी तिने राखली, त्यांनाच मांडवातले कळस केले आणि त्यांच्याखाली नवरानवरी काढली, घोडा काढला, वाजंत्री काढली, कोपऱ्यात कमरेवर हात दिलेली एक विहीणही काढली. चतुराबाईने ती पाहिली आणि म्हणाली, "नाक जरा मोठं झालं." पण ती हसली. लग्न लागले. नानाजींना पंगतीत जगदेवच्या शेजारी पाट मिळाला. पाटी त्यांनी मांडीवर ठेवली होती.

चौथ्या दिवशी साहेब खरेच आले. अशा गोष्टी अशाच वेळी घडतात. भिंतीपुढे उभे राहून त्यांनी बराच वेळ पाहिले आणि विहिणीपाशी येऊन हसले.

"चित्र चांगलं आहे."

दौलतराव मात्र प्रामाणिक माणूस होते. "साहेब, हे ते चित्र नव्हे. हे मंजूर नाही."

"मग मंजूर कोणतं?"

"ते याच्या खाली आहे."

"दिसत तर नाही."

"दिसत नाही, पण मंजूर आहे. हे दिसतं, पण याचा अर्ज नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिले. न दिसणाऱ्या चित्राला बक्षीस देता येत नव्हते आणि अर्ज नसलेल्याला देणे नियमात बसत नव्हते. पदक परत नेले तर या भागात कला नाही असे झाले असते. दौलतरावांनी शेवटचा पुरावा म्हणून फोटो पुढे केला. साहेबांनी तो निरखला. भिंत दिसत होती, माणसे ओळखू येत होती आणि अर्ज करायला सेक्रेटरी समोरच हजर होते.

त्या फोटोबद्दल पदक कमिटीला मिळाले. कोऱ्या जागेत 'दौलतराव आणि मंडळी' अशी अक्षरे बसली.

जाण्यापूर्वी दौलतरावांनी मोठ्या मनाने ते गोजराबाईच्या हातावर पाहायला ठेवले. तिने ते उलटेपालटे केले.

"हे मुंडकं कोनं काढलं जी? त्याले काय देल्लं तुमी?"

दौलतरावांनी पदक परत घेऊन खिशात घातले.

तो फोटो अजून वाशीमला वाचनालयात टांगलेला आहे. दौलतराव मधोमध आहेत. त्यांच्या पगडीवर दोन कळस दिसतात, ती माशीची मडकी. डाव्या कोपराखाली नागाची बोटभर शेपटी आहे. फोटोखाली सगळ्यांची नावे आहेत. माशीचे आणि गोजराबाईचे तेवढे राहून गेले. लोक येतात, वाचतात, मान डोलावतात आणि म्हणतात, पूर्वी कलेची कदर होती.

पुढच्या नागपंचमीला गोजराबाईने नवे नाग काढले. ते आधीच्यांपेक्षा चांगले होते, असे जगदेव म्हणतो. पाटी नसल्यामुळे ते पाहायला कोणी गेले नाही.

हे सांगितले की सगळे मला एकच विचारतात, "ते चित्र खरंच तेवढं चांगलं होतं का हो?" मी सांगतो, होते. मग मी त्यांना विचारतो की मागच्या नागपंचमीला तुमच्या स्वतःच्या घरी, आईने किंवा बायकोने, भिंतीवर किती नाग काढले होते?

अजून एकानेही उत्तर दिलेले नाही. तुम्ही सांगा.