सूर्य, सुमित्रा आणि तुळशीची कुंडी

१९८६ च्या डिसेंबरात मी केवळ एक काठी उभी करण्याचे ठरविले. पुढचे सारे त्या काठीने केले, असेच मी आजवर सांगत आलो आहे. (काठी प्रतिवाद करीत नाही, हा तिचा मोठा गुण.)

आम्ही तेव्हा अमेरिकेत, आयसेलिनला राहत असू. मी नकाशे रेखाटणाऱ्या एका कचेरीत कारकून होतो. महाविद्यालयाची पायरी चढलो नव्हतो. परंतु सार्वजनिक ग्रंथालयातील खगोलशास्त्राचे कपाट डावीकडून उजवीकडे वाचून संपविले होते. शेजारच्या एलेनबाई शाळेत जीवशास्त्र शिकवीत आणि स्वतःस पेगन म्हणवीत. त्यांच्या धर्मात देव नव्हता, चमत्कार नव्हता. होते ते ऋतू. वर्षाला आठ सण, आणि प्रत्येकाचे कारण आकाशात. "पृथ्वीचा आस कललेला आहे, म्हणून वसंत येतो. आनंद मानायला एवढं पुरेसं नाही का?" असे त्या विचारीत. मला त्या फार आवडत. म्हणजे त्यांचे विचार. (ही दुरुस्ती माझ्या पत्नीच्या, सुमित्रेच्या, आग्रहावरून.)

एकवीस तारखेच्या रविवारी त्यांच्या अंगणात शेकोटीभोवती दहाबारा मंडळी गरम सायडर पीत उभी होती. सुमित्रा आदल्याच दिवशी बहिणीकडे, मालिनीकडे, बॉस्टनला गेली होती. मी भेट म्हणून घरच्या तुळशीचे पान नेले. एलेनबाईंनी ते हुंगले.

"डिग, वास ओळखीचा वाटतो." (माझ्या नावाचे त्यांनी एवढेच शिल्लक ठेवले होते.)

"पवित्र वस्तूंचा वास साऱ्यांनाच ओळखीचा वाटतो," मी गंभीरपणे म्हणालो.

मग त्या सर्वांना म्हणाल्या, "आजपासून सूर्य उत्तरेकडे वळतो."

"क्षमा करा," मी म्हणालो, "तो चौदा जानेवारीस वळतो. आमच्याकडे त्या दिवशी तिळगूळ वाटतात." (अयनचलनाचे, म्हणजे अयनबिंदू शतकानुशतके सरकत जाण्याचे, प्रकरण मी वाचले होते. ते संक्रांतीलाही लागू पडेल, असे मात्र वाटले नव्हते.)

"मग मोजून बघ ना! विज्ञान आहे, भांडण कशाला?"

मोजण्यासाठी काठी हवी. जमीन गोठलेली. घरात जड कुंडी एकच, ती तुळशीची. मिरजेहून रुमालात बांधून आणलेल्या बियांची, सुमित्रेच्या आईच्या हातची. मी तिच्यात पडद्याचा दांडा खोचला आणि ती अंगणात ठेवली. रोज आत आणली तर मोजमाप चुकेल, म्हणून बाहेरच राहू दिली. तिसऱ्या सकाळी तुळस काळी पडली होती.

सुमित्रेचा फोन आला. "घरी सगळं ठीक ना?"

"ठीक. सूर्य जरा घोटाळा करतो आहे."

सावली पहिल्या दिवशीच सर्वांत लांब होती. चौदा जानेवारीस ती वीतभर आखूड भरली. एलेनबाई जिंकल्या. परंतु मला चिंता सायंकाळच्या बसची होती. सुमित्रा आली, तिने कुंडी पाहिली. मी मान खाली घालून म्हणालो, "मी तुझ्या आईची तुळस मारली."

तिळगुळाचा डबा घेऊन ती शेजारी निघाली, मी मागोमाग. एलेनबाईंच्या दक्षिणेकडील खिडकीत तुळस मंजिऱ्यांनी डवरली होती.

"अहो, आपल्या खिडकीतलं ऊन नोव्हेंबरातच सरकतं. दरवर्षी मी हिला इथे आणून ठेवते. एलेनला विचारा, सूर्य कुठे असतो ते आम्हा दोघींना पाठ आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पुस्तक काढून बसला असता."

एलेनबाईंनी तिळगूळ तोंडात टाकला आणि ताबडतोब नववा सण जाहीर केला. आज त्या नाहीत. तरी एकवीस डिसेंबरला भर दुपारी आम्ही दोघे अंगणात आमच्या सावल्या पाहून येतो. तिची हल्ली माझ्यापेक्षा ताठ पडते.

त्या संक्रांतीला मात्र मला एकच प्रश्न सुचला. "मग आपल्या कुंडीत काय होतं?"

"एलेनचं बेसिल. पिझ्झ्यात घालतात ते. रिकामी कुंडी बरी दिसेना."

सहा हिवाळे मी स्नान करून त्या पिझ्झ्याच्या पाल्याला नमस्कार करीत आलो होतो. आणि खोकला झाला की त्याच्या काढ्याने मला हमखास गुण येत असे.