दत्तूकाका ‘आलोच’

रॉकेलची बाटली घेऊन दत्तूकाका ‘आलोच’ म्हणून घराबाहेर पडले, ते दुसऱ्या दिवशी दुपारी मिठाच्या बैलगाडीवर बसून परत आले. बाटली रिकामीच होती. पण मीठ कसं पिकतं, भरतीचं पाणी आगरात कधी घ्यायचं, आभाळ आलं तर मालकाच्या पोटात कसा गोळा येतो, हे सगळं त्यांना आता ठाऊक झालं होतं आणि ते ताबडतोब कोणाला तरी सांगायचं होतं.

“अगं, टपालनाक्यावर गाडी अडली होती, जरा हात लावला,” ते काकूंना म्हणाले, “तर तो गाडीवान म्हणाला...”

काकूंनी बाटली काढून घेतली आणि पाय धुवायला पाणी दिलं. रॉकेल त्यांनी आदल्या संध्याकाळीच आमच्याकडून नेलं होतं. नवऱ्याला काही आणायला पाठवलं की पाठोपाठ आमच्या दाराशी यायचं, हा त्यांचा शिरस्ताच होता.

पनवेलला तेव्हा रेल्वे यायची होती. मी नुकताच कचेरीत कारकून म्हणून चिकटलो होतो आणि आई आणि मी दत्तूकाकांच्या शेजारी राहत होतो. मधली भिंत कमरेएवढी, त्यामुळे त्यांच्या घरातलं काही आम्हांला वेगळं कळवावं लागत नसे. काकांचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे परसातली एक लांब पडवी, शाडूचा ढीग आणि भिंतीला ओळीनं टेकलेले पाट. आमच्याकडे बाजारात जाऊन मूर्ती विकत घ्यायची पद्धत नव्हती. आषाढात आपल्या घरचा पाट, त्यावर तांदूळ आणि सुपारी ठेवून, मूर्तिकाराकडे नेऊन द्यायचा आणि चतुर्थीसाठी त्याच पाटावर बसलेला देव घरी आणायचा. एकदा पाट दिला की त्या घराचा शब्द दिल्यासारखाच. सुकापूर, नेरे, करंजाडे, कुठकुठचे पाट काकांकडे येत.

धंदा वडिलांचा. ते मुलाबद्दल म्हणत, “हात देवाचे, डोकं माकडाचं.” लहानपणी त्यांनी काकांना पडवीच्या खांबाला बांधूनही पाहिलं होतं. काकांनी खांबावरच वेलबुट्टी कोरायला घेतली. ती अर्धीच राहिली. मी पुष्कळदा पाहिली आहे.

तसं पाहिलं तर त्यांच्या घरात पुरं असं काही नव्हतंच. ओटीची एक भिंत हिरवी, बाकीच्या तीन रंगाची वाट बघत असलेल्या. झोपाळ्याला दोन कड्या पितळी आणि दोन सुंभाच्या. बुलबुलतरंग आणलेलं, त्यावर एका भजनाच्या दोन ओळी यायच्या, तिसरी यायच्या आत काका उठलेले असत. पायांतल्या वहाणा बहुधा दोन जोडांतल्या. छत्री त्यांना मिळत नसे. काकूंनी त्यांच्यासाठी शेतावरच्या गड्यांसारखं इरलं घेऊन ठेवलं होतं. “छत्री हरवली तर कोणी परत देत नाही,” त्या म्हणत, “इरलं कुठेही राहिलं तरी लोक घरी आणून देतात. सगळ्यांना ठाऊक आहे, गावात इरलं घालणारा बामण एकच.”

बोलणंही तसंच. “बरं का, तुला एक सांगायचं राहिलं. नाही, आधी हे ऐक. अरे हो, तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?” अशी एका दमात तीन दारं उघडायची आणि चौथ्यातून निघून जायचं. आपण उत्तर द्यायला तोंड उघडावं, तर ‘आलोच’!

एकदा न्हाव्याकडे अर्धी दाढी झाली असताना भाताच्या गिरणीला आग लागल्याची बोंब झाली. काका गळ्यातल्या फडक्यासकट धावले. गिरणीसमोर अख्खं पनवेल उभं होतं आणि जो तो दुसऱ्याला ‘पाणी आणा’ म्हणून सांगत होता. काकांनी आधी बैल सोडवले, गाड्या मागे घेतल्या, रिकामी पोती तळ्यात बुचकळून माणसांच्या हातात दिली आणि कोणी कुठे उभं राहायचं ते ओरडून सांगितलं. त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात एकही वाक्य अर्धं नव्हतं. आग विझली. मालकानं त्यांना नारळ दिला, तो ते तिथेच विसरून आले. उरलेली दाढी मात्र न्हाव्याला त्यानंतर बरेच दिवस सापडली नाही.

लोकांनी उपाय सुचवले नाहीत असं नाही. वैद्यांनी ब्राह्मीचं तेल दिलं, ते लावायला काका विसरत. कोणी ताईत दिला, तो हरवला. हसायला सगळेच हसत, मीही हसत असे. पण एकदा आमच्या ओट्यावर चहा पिताना ते एकदम म्हणाले, “सकाळी उठलो की ठरवतो रे, आज एकच काम. ते हातात घेतलं की दुसरं दिसतं. दुसरं घेतलं की पहिलं कुठे ठेवलं तेच आठवत नाही. लोक म्हणतात, दत्तू आळशी. आळशी माणूस बरा, तो निदान दमत तरी नाही.” मी काही बोलणार, तोवर ते उठले होते. कपात अर्धा चहा होता.

मग चतुर्थीला गावोगावचे देव वेळेवर कसे तयार होत? त्याचं उत्तर पडवीत पाटावर बसलेलं असे. काका कामाला बसले की काकू जवळ येऊन बसत. तांदूळ निवडत, वाती वळत, कधी नुसत्याच. त्या बोलत नसत, आठवण करून देत नसत, ‘हे राहिलं, ते राहिलं’ नाही. आईनं एकदा विचारलं, “तुम्ही करता तरी काय तिथे?” काकू म्हणाल्या, “काही नाही. मी बसते. यांचं मन म्हणजे सुटलेली बकरी. मागे धावलं की लांब पळते. ओळखीचं माणूस एका जागी बसलेलं दिसलं की आपण होऊन जवळ येते.”

आणि ते खरं होतं. काकू बसल्या की काकांचे हात चालत. डोळ्यांच्या आखणीला तर ते वेगळेच कोणी होत. बारीक कुंचला घेऊन मूर्तीचे डोळे काढू लागले की शेजारी ताशा वाजला तरी मान हलत नसे. त्यांचे गणपती माणसाकडे बघत, अगदी तुमच्याकडे. नेऱ्याची एक म्हातारी म्हणे, “दत्तूकाकाचा देव आपली खुशाली इचारतो.”

त्या वर्षी आषाढात, पाट येऊन पडल्यावर, काकू विषमज्वरानं गेल्या.

तेरावं झालं आणि काका पडवीत जाऊन बसले. उठले. पुन्हा बसले. एका मूर्तीचे हात केले, दुसरीची सोंड, तिसरीचं नुसतंच आसन. श्रावण उतरायला लागला तरी पडवीत एक मूर्ती धड नव्हती. ‘आलोच’ म्हणून जात आणि दिवे लागले तरी येत नसत. दिसले की डोळे खाली. लोक आईकडे येऊन हळूच विचारू लागले, “पाट परत मागावा का हो? पेणहून आणता येईल.” कोणाच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, पण देव काही कोणाची वाट बघायला थांबत नाही. आणि एकदा पाट दुसरीकडे गेला की तो परत येत नाही, हे मूर्तिकाराइतकं कोणालाच कळत नाही. काकांना हातांचा तेवढा एकच मान होता, आणि तो पाटापाटानं उठून जायला निघाला होता.

पहिला आला करंजाड्याचा राघो. अंगणातच उभा राहिला.

“काका, रागावू नका. आमचा पाट द्या. पेनला नेतो. देवाचं काम हाय, आमी वाट तरी किती बघायची?”

काका पडवीत शिरले. त्यांनी पाट शोधून पुढे ठेवला. पाटावर देव बसलेला होता, पोट, हात, मोदक सगळं जागच्या जागी, फक्त डोकं नव्हतं. राघोनं पाट उचलायला हात घातला आणि मागे घेतला. असा देव पेणला नेता येईना आणि मोडून टाकायला हात होईना.

“आता काय करावं?” तो म्हणाला. “बरं, मी बसतो हितंच. डोकं झाल्याबिगर उठायचा नाय.”

आणि पडवीत मांडी घालून तो हट्टानं बसला. कमरेचा काथ्या काढून दोरी वळायला लागला. काका त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग खाली बसले आणि शाडूला हात घातला. दुपार टळली तरी दोघं तसेच. राघोची दोरी हातभर लांब झाली आणि देवाला डोकं आलं, सोंड आली, कान आले.

आई भिंतीपलीकडून हे बघत होती. “अगं बाई,” ती स्वतःशीच म्हणाली, “यांच्याजवळ बसायला माणूस हवंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निवडायचं सूप घेऊन पलीकडे गेली आणि काकूंच्या पाटावर न बसता शेजारी बसली. संध्याकाळपर्यंत आमचा गणपती उभा राहिला. मग तिनं गावभर सांगितलं, ज्याचा पाट त्यानं बसायचं. आणि लोक आले! पेन्शनर मास्तर वर्तमानपत्र घेऊन आले, त्यांना मोठ्यानं वाचायची बंदी केली. नेऱ्याची म्हातारी नातवाचं आंगडं शिवत बसली. न्हावीही आला आणि काकांचे हात शाडूत अडकलेत ही संधी साधून दाढी पुरी केली. इतकी वर्षं ज्यांना हसलो त्यांच्या शेजारी आता आम्ही रांग लावून गप्प बसत होतो. मूर्ती वाळल्या, रंग चढला, डोळे उघडले.

हरतालिकेच्या दिवशी दुपारी मी कचेरीतून लवकर सुटलो आणि आमचा देव बघायला गेलो. बरेचसे लोक आपापले गणपती घेऊन गेले होते. पडवी मोकळी दिसत होती. कोपऱ्यात एक लहानशी मूर्ती होती, पांढरीफटक, रंग नाही, डोळे नाहीत.

“हा कोणाचा, काका?”

“आमचा.” घरात मृत्यू झाला तरी देव बसवावा, गोडधोड करू नये, असं भटजींनी सांगितलं होतं. “हा दरवर्षी शेवटी. सगळे गेले की ती बसायची आणि मी करायचो.”

“मग आता?”

काका हसले. “तुझ्या आईचा नियम ना, ज्याचा पाट त्यानं बसायचं. हा पाट माझा. मी बसलो तर करणार कोण?”

“मी बसतो,” एवढंच मी म्हणालो.

“नुसता बस हं. बोलू नकोस.”

मी काकूंच्या पाटाशेजारी भिंतीला टेकून बसलो. काकांनी रंग कालवला. पीतांबर झालं, शेला झाला, सोंडेवर गंध आलं. बाहेर पोरी हरतालिकेसाठी पत्री गोळा करत हिंडत होत्या, पण काकांनी एकदाही मान वर केली नाही. मग बारीक कुंचला उचलला आणि मूर्तीवरची नजर न काढता मागे हात केला.

“अगं, पाणी दे जरा.”

जगातलं सगळं विसरणारा हा माणूस हेही विसरला होता. मी आवाज न करता उठलो, माठातलं पाणी घेतलं आणि भांडं त्यांच्या हातात दिलं. ते प्यायले. भांडं परत देताना त्यांना माझा हात दिसला. बांगड्या नसलेला, शाईचे डाग पडलेला.

ते त्या हाताकडे बघत राहिले. मग कुंचला खाली ठेवून उठले.

“आलोच,” म्हणाले आणि परसात गेले.

आता हे कुठले येतात, असं मला वाटलं. मी त्या बिनडोळ्यांच्या देवासमोर बसून राहिलो. विहिरीवर रहाट वाजला, पाणी ओतल्याचा आवाज आला. आणि पाठोपाठ पावलं. काका दारात उभे होते, तोंड धुतलेलं, डोळे लाल. ‘आलोच’ म्हणून लगेच आलेले दत्तूकाका मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मला वाटलं, त्यांना एकटं सोडावं. मी उठायला लागलो.

“उठू नकोस,” कुंचला उचलत ते म्हणाले. “डोळे राहिलेत अजून.”

मी बसलो.