आधी कुणाची वळणं

पिरोश्काला खोड एकच होती, पण मेचेकच्या डोंगराएवढी. सासूने चव घेण्याआधीच ती घेवड्याच्या सुपात मीठ घालायची. एतेल्काबाईंच्या आधी मिठाच्या बरणीला हात लावायची हिंमत व्हेन्देललाही झाली नव्हती, आणि व्हेन्देल तर त्यांचा नवरा होता.

आज त्याचा नामदिवस, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा सण. तो गेल्यापासून दर वर्षी या संध्याकाळी प्लम भरलेले उंडे व्हायचे, आणि मग एतेल्काबाई दार लावून एकट्याच त्याचं गाणं ऐकायच्या. त्याच्या आवाजाची एकच टेप होती. तिच्यावरही त्यांच्या भावाने अर्ध्यापासून फुटबॉलची कॉमेंट्री भरून ठेवली होती. म्हणून यंदा मुलाने, काल्मानने, उरलेलं गाणं कॉम्प्युटरात कुलूपबंद केलं. काल्मान विद्यापीठात गणित शिकवायचा, त्यामुळे साधं कुलूप त्याला जमत नसे.

"आई, हा थर फिरवायचा रंगीत ठोकळा. याची कुठलीही मांडणी दोन भागांत फुटते, एक तुझ्या वाट्याचा, एक पिरोश्काच्या. आणि एकाच रीतीने फुटते, दुसरी वाटच नाही. दोघींनी मी चिठ्ठीवर लिहून दिलेली आपापली वळणं दिली की वर येतील ते रंग कॉम्प्युटरला सांगायचे. बाबा गातील."

"आणि मला एकटीला ऐकायचं असेल तर?"

"गेल्या वर्षी एकटीने ऐकलंस, आणि दोन दिवस जेवली नाहीस."

एवढं बोलून तो कसल्याशा परिषदेला व्हिएन्नाला निघून गेला.

एतेल्काबाईंनी ठोकळ्याला आपली वळणं दिली आणि तो सुनेपुढे सरकवला.

"आई, तो म्हणाला होता, आधी माझी."

"या घरात माझ्याआधी कुणाचं काही नसतं. फिरव."

पिरोश्काने फिरवला, वर आलेले रंग भरले. कॉम्प्युटर ढिम्म.

"चुकलीस तू."

"नाही चुकले."

"परत कर. मी बघते."

ठोकळा पूर्ववत करून पुन्हा तेच, त्याच क्रमाने. या वेळी कॉम्प्युटरने धमकी दिली: आता एकदाच. नंतर काल्मान येईपर्यंत बंद. म्हणजे नामदिवस कोरडाच जाणार. उंड्यांवरचा पावाचा चुरा मऊ पडू लागला. एतेल्काबाईंनी फोन लावला.

"आई, सभेत बसलोय," काल्मान कुजबुजला. "आधी कुणी फिरवलं?"

"मी. आणखी कोण?"

"क्रम उलटला की मांडणीच वेगळी होते. हे गणित आहे."

"मग गणित बदल."

"ते माझ्या हातात नाही, आई."

एतेल्काबाईंनी फोन ठेवला. मग ठोकळा सुनेच्या मांडीवर टाकला. "घे."

पिरोश्काने तो पूर्ववत करून आपली वळणं दिली. मग त्यांनी. वर आलेले रंग भरले. खरखर झाली, आणि व्हेन्देल अगदी शेजारी बसल्यासारखा बोलला, "एतेल्का, आधी मी सुरू करतो, मग तू." त्याने श्वास घेतला, आणि गाणं सुरू झालं ते एका तरुण बाईच्या आवाजात. व्हेन्देल हसला. "बरं बाई, तूच आधी," म्हणाला आणि मागोमाग गाऊ लागला. दुसऱ्या कडव्यात गोल झाला आणि अख्खं मैदान ओरडलं.

सुनेने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिने मान खाली घातली, पण हसण्याने खांदे हलत होते.

एतेल्काबाईंनी डोळे पुसले, सुपाचा चमचा तोंडात घातला आणि तो सावकाश खाली ठेवला.

"पुढच्या वर्षीही आधी तूच," त्या म्हणाल्या. "ठोकळ्यात. मिठात नाही."